कुंकू लावलेला संगणक

आमच्या मंडळातले सगळे संगणक मुक्त प्रणालीवर गेले, असं एक प्रमाणपत्र शाहपुऱ्याच्या त्या इमारतीत कुठल्या तरी फायलीत अजून पडलेलं असेल. त्याच्या खाली माझी सही आहे. सही खरी आहे आणि मजकूर खोटा. तो खोटा आहे हे सही करताना मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मी काय केलं, ते लिहायला बसले आहे.

मंडळाचं नाव सांगत नाही. बोअरवेल खोदायला परवानगी देणं किंवा न देणं, आणि दोन्ही वेळेला अर्जदाराला पत्र पाठवणं, एवढंच त्याचं काम होतं. एवढ्याशा कामासाठी तीन मजले, एक संचालक, चार उपसंचालक आणि मोजून एकेचाळीस संगणक होते. मी तिथे सहायक प्रोग्रामर होते. प्रोग्राम लिहिण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली. साहेबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं हे माझं मुख्य काम होतं, आणि ते मी बावीस वर्षं केलं.

मुक्त प्रणाली आमच्याकडे आली ती काही तत्त्वासाठी नाही. एका कंपनीची नोटीस आली की तुमच्या संगणकांवर आमचं सॉफ्टवेअर विनापरवाना चालतंय. चालत होतंच. मशीन पुरवणारा माणूस वर्षानुवर्षं एकच चोरटी प्रत सगळीकडे चढवून जायचा आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. चोरी पकडली गेल्यावर संचालक साहेबांना एकाएकी स्वातंत्र्याची आठवण झाली. त्यांनी बैठक बोलावली आणि समोशांच्या बशा फिरत असताना म्हणाले, "हमें किसी कंपनी का गुलाम नहीं रहना है." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याच गृहस्थाने दोन दिवस आधी मला केबिनमध्ये बोलावून, नोटिशीला उत्तर न देता वेळ मारून नेता येईल का, असं हळूच विचारलं होतं.

मी मात्र मनापासून खूश होते, हे कबूल करते. मुक्त प्रणाली म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याच्या आत काय आहे ते कुणालाही बघता येतं, बदलता येतं आणि दुसऱ्याला देताही येतं. परवाने विकत घेत बसावं लागत नाही. मला ती कल्पना पहिल्यापासून आवडायची. माझे वडील नाशिकहून या हिंदी मुलखातल्या मोठ्या कारखान्यात टूलरूमला आले आणि इंद्रपुरीत राहिले. घरात आलेली वस्तू ते आधी उघडून बघत, मग वापरत. मिक्सर झाला, रेडिओ झाला, एकदा तर शेजाऱ्यांचा फ्रिज. त्यामुळे न उघडणाऱ्या वस्तूबद्दल मला जन्मजात तिटकारा आहे. शिवाय आमच्या घरात एक ताठा होता. आई घरात शुद्ध पुणेरी मराठी बोलायला लावायची आणि इथल्या मराठी लोकांच्या हिंदाळलेल्या बोलण्याला नाक मुरडायची. तो ताठा माझ्यात पुरेपूर उतरला आहे. चुकीचं काही दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

साहेबांनी मला नोडल अधिकारी नेमलं. म्हणजे काम झालं तर श्रेय त्यांचं आणि बिघडलं तर बोलणी मी खायची. मी सहा आठवड्यांत एकेचाळीस मशीनवर नवी प्रणाली चढवली. रविवारीसुद्धा गेले. आणि सोमवारी सकाळी मंडळात हलकल्लोळ झाला.

त्याचं कारण समजायला आमच्याकडची लिहिण्याची पद्धत सांगायला हवी. मंडळात कोरं पान कुणी उघडत नसे. नवं पत्र लिहायचं म्हणजे जुनं पत्र उघडायचं, त्यातलं नाव, गाव आणि तारीख बदलायची आणि प्रिंट काढायची. पुढच्या पत्रासाठी हे पत्र उघडायचं. असं करत करत सगळी पत्रं कुठल्या तरी एका मूळ पत्रापासून जन्मलेली होती, आणि ते पत्र लिहिणारा माणूस निवृत्त होऊनही जमाना झाला होता. त्यात एक वाक्य होतं, 'आपके दिनांक रहित पत्र के संदर्भ में'. त्या मूळ अर्जदाराने तारीख घातली नव्हती म्हणून ते आलं होतं. पुढे हजारो लोकांनी तारखा घालून अर्ज केले, पण सगळ्यांना उत्तर गेलं ते 'दिनांक रहित पत्र के संदर्भ में'. मी एकदा हे बडे बाबूंना, म्हणजे आमच्या हेडक्लार्कांना, दाखवलं. ते म्हणाले, "मैडम, चल रहा है तो क्यों छेड़ना?"

ही सगळी वंशावळ एका जुन्या हिंदी फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टचा परवानाही नव्हता, म्हणून तोही गेला. फॉन्ट नसला की त्या पत्रांत हिंदी दिसत नाही, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा काला दिसतो. सोमवारी सकाळी बडे बाबूंनी पत्र उघडलं आणि ओरडले, "ये तो सब चीनी हो गया!" जुनी पत्रं वाचनीय करून देणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहून ठेवला होता, आयुष्यात लिहिलेला कदाचित सगळ्यात बरा. तो कुणीही वापरला नाही. वापरायचा कसा ते मी कागदावर लिहून दिलं, तर तो कागद त्यांनी फायलीत लावला आणि फाईल पुढच्या टेबलावर सरकवली.

तीन मजल्यांत एकही माणूस असा नव्हता की जो कोऱ्या पानावर चार ओळींचं पत्र लिहील. पदव्या होत्या, भत्ते होते, दारावर पितळी पाट्या होत्या. एका उपसंचालकांनी मला गंभीरपणे विचारलं, "मैडम, शुरुआत कैसे करें?" मला वाटलं ते मशीनबद्दल विचारतायत. ते पत्राबद्दल विचारत होते.

एक बाई सोडून. तिच्यावर आता येते.

ती आमची टायपिस्ट. माहेर ग्वाल्हेरचं, सासर इंद्रपुरीत, आमच्या मागच्याच गल्लीत. लग्न होऊन आली तेव्हापासून मला ताई म्हणायची. मी लग्नानंतर अवधपुरीला राहायला गेले तरी आमचं येणंजाणं होतं. तिचा नवरा एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता. ते वर्कशॉप बंद पडलं आणि त्याची कंबरही गेली. मग मंडळात टायपिस्टची जागा आहे हे मीच तिला सांगितलं होतं. त्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. जागा संविदेवर, म्हणजे कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. अशी सोळा वर्षं ती दरवर्षी एक दिवस बेरोजगार व्हायची आणि त्या दिवशी घरी पुरणपोळी करायची. त्या पगारावर चार माणसं जेवत होती आणि एक मुलगी कॉलेजात शिकत होती.

ती टायपिंग शिकली होती खऱ्या टाइपरायटरवर, ग्वाल्हेरच्या एका क्लासमध्ये. संगणकावरसुद्धा कळांची तीच जुनी मांडणी वापरायची. कागदाकडे बघायची, पडद्याकडे नाही, आणि बोटं आपली चालू. साहेब बोलत असताना त्यांचं वाक्य संपायच्या आत तिचं संपलेलं असायचं, आणि त्यांच्यापेक्षा चांगलं. मंडळात हिंदी व्याकरण जाणणारी ती एकटी होती. आणि मराठी बोलायची ती अशी की माझ्या आईने कानावर हात ठेवले असते.

नवी प्रणाली आली त्याच सुमारास वरून एक आदेश आला. दहा वर्षांहून जास्त संविदेवर असलेल्यांना कायम करायचं, पण संगणक दक्षतेची, म्हणजे संगणक किती येतो याची, परीक्षा पास झाले तर. नापास झाले तर करार पुढे वाढवायचा नाही. परीक्षा आपापल्या कार्यालयात, तिथल्याच मशीनवर, तिथल्याच नोडल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. म्हणजे माझ्या. दहा मिनिटांत तीनशे हिंदी शब्द. आमच्याकडे तिघं बसणार होती, ती आणि दोन तरुण मुलं.

हे ऐकून ती दुपारी माझ्या टेबलाशी आली. डबा हातातच होता.

"ताई, पेपर आपल्याच मशीनवर होणार ना?"

"हो."

"मग यात तो जुना वाला कीबोर्ड लावून द्या ना. या नवीन वाल्यावर माझी बोटंच नाही चालून राहिली. मात्रा कुठे, अक्षर कुठे, सगळं ढुंढावं लागतं."

मी म्हणाले, "शोधावं लागतं म्हण. आणि या प्रणालीत तो कीबोर्ड नाही."

हे वाक्य नीट सांगायला हवं. मी सगळ्या मशीनसाठी एक मूळ डिस्क तयार केली होती. ती तयार करताना हिंदीसाठी कळांच्या तीन मांडण्यांची यादी समोर आली. त्यात जुन्या टाइपरायटरची मांडणी होती. आपसूक आलेली, फुकट, कुणाचाही परवाना न लागणारी. कुणी तरी कुठे तरी बसून, तिच्यासारख्या बायकांचा विचार करून ती घातली असेल. मी तिच्यापुढची खूण काढली. परिपत्रकात फक्त नव्या मानक मांडणीची 'शिफारस' होती. त्या शिफारशीची सक्ती मी केली. जुनं ठेवलं तर हे आळशी लोक जुनंच वापरतील, असा माझा हिशेब होता. तेव्हा माझ्या डिस्कवर तो कीबोर्ड नव्हता हे खरं. पण परत घालायला मला दहा मिनिटं लागली नसती हेही खरं, आणि ते मी तिला सांगितलं नाही.

"सवय बदल," मी म्हणाले. "दोन महिने आहेत. रोज एक तास बस."

"बसते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर होऊन जाईल."

आणि हळूहळू मंडळ शांत झालं. पत्रं जाऊ लागली. तक्रारी थांबल्या. मला वाटलं, लोक शिकले. मी मजल्यामजल्यांवरून फिरायची तेव्हा सगळ्यांच्या पडद्यावर माझी नवी प्रणाली सुरू असलेली दिसायची, त्यावर मी लावून दिलेलं सांचीच्या स्तूपाचं चित्र. त्या चित्रापुढे माणसं शांतपणे बसलेली असायची. नुसतीच बसलेली असायची, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. साहेबांनी प्रमाणपत्र पुढे केलं, 'शत प्रतिशत', आणि मी सही केली. वर साहेबांचं कौतुक झालं. त्यांचा फोटो छापून आला, हात माउसवर आणि नजर भलतीकडे.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्यालयात यंत्रांची पूजा होते. वडीलही घरी दसऱ्याला आपलं मायक्रोमीटर पाटावर मांडत, त्यामुळे ही एक गोष्ट मला या लोकांची आवडायची. शिपाई ताट घेऊन फिरतो, प्रत्येक संगणकाला कुंकवाचं बोट लावतो, वर झेंडूचं फूल ठेवतो. मी यादी घेऊन त्याच्या मागून फिरत होते, कारण पूजेच्या दिवशी सगळी मशीन आयती मोजून होतात. तळमजल्यावर माझी मोजणी एकेचाळीस झाली. काम संपलं. आणि शिपाई ताट घेऊन रेकॉर्ड रूममध्ये शिरला.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "वहाँ क्या है?"

"कुछ नहीं मैडम. फाइलें हैं."

"फाइलों को कुंकू कब से लगने लगा?"

मी आत गेले. रॅकच्या तिसऱ्या रांगेमागे, खिडकीच्या बाजूला, एक टेबल होतं. टेबलावर जुना संगणक, जो भंगारात गेल्याचं माझ्या यादीत लिहिलेलं होतं. त्याच्या कपाळावर ओलं कुंकू, वर झेंडू. आणि समोर ती बसलेली, दोन्ही बाजूंना कागदांचे गठ्ठे, बोटं चालू.

या लोकांनी साहेबांना फसवलं होतं, सरकारला फसवलं होतं, मला तर महिनाभर मूर्ख बनवलं होतं. पण चालतं मशीन दसऱ्याला पूजेवाचून ठेवायची त्यांची छाती झाली नव्हती. एवढी एकच गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे केली आणि त्यातच सापडले.

ती उठून उभी राहिली. "ताई, मी सांगणारच होती."

गठ्ठ्यांवर नजर टाकली तर सगळ्या मजल्यांची अक्षरं ओळखू आली. बडे बाबूंच्या चिठ्ठ्या होत्या, चारही उपसंचालकांचे मसुदे होते. वर पहिलाच कागद खुद्द संचालक साहेबांच्या स्वीय सहायकाचा, 'अर्जेंट'. तिन्ही मजले सांचीच्या स्तूपाकडे बघत बसत होते आणि अख्ख्या मंडळाची पत्रं ही एकटी बाई या अंधाऱ्या खोलीत जुन्या फॉन्टमध्ये, जुन्या कीबोर्डवर टाइप करत होती. 'दिनांक रहित पत्र के संदर्भ में' सुद्धा तसंच चालू होतं.

"आणि सराव?" मी विचारलं. "रोज एक तास?"

"वेळच नाही मिळून राहिला. हे सगळे आणून ठेवतात. नाही म्हटलं तर बडे बाबू म्हणतात, करार आमच्याच शेऱ्यावर वाढतो."

इथे कुणालाही तिची दया आली असती. मला आला राग. तोही तिचाच. माझ्या शंभर टक्क्यांना भोक पाडणारी हीच, आणि मी हिला नोकरी लावलेली. साहेबांवर ओरडता येत नव्हतं, बडे बाबूंवर ओरडून उपयोग नव्हता. मी पिशवीतून माझी डिस्क काढली, मशीनला लावली आणि जुनं सगळं पुसून नवी प्रणाली चढवायला सुरुवात केली. मशीनमध्ये काय आहे ते विचारलंसुद्धा नाही.

ती माझ्या शेजारी उभी राहून पडद्यावरची पट्टी सरकताना बघत होती. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "त्यात सगळ्यांची पत्रं होती, ताई."

"बरं झालं," मी म्हणाले.

झेंडूचं फूल तेवढं मी उचलून बाजूला ठेवलं.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. तिन्ही मजल्यांनी हात वर केले. बडे बाबू म्हणाले, "हमें तो पता ही नहीं था." साहेबांनी मला बोलावलं. मशीन लपवून ठेवलं होतं याचा त्यांना राग नव्हता, मी ते पाहिलं याचा होता. "आपको रेकॉर्ड रूम में जाने की क्या ज़रूरत थी?" त्यांच्या मते मी रेकॉर्ड रूममध्ये गेले नसते तर प्रमाणपत्र खरं राहिलं असतं. असल्या डोक्यांवर राज्य चालतं.

पुसली गेलेली पत्रं पुन्हा टाइप करायला दिली ती अर्थातच तिला. नव्या प्रणालीवर, नव्या कीबोर्डवर. परीक्षेला तीन आठवडे होते. ज्या बोटांकडे तिने सोळा वर्षांत कधी बघितलं नव्हतं त्यांच्याकडे बघत बघत ती एकेक अक्षर शोधून टाइप करत होती. मी येताजाता बघायची. एकदा तिने कळांवर कागदाचे बारीक तुकडे चिकटवलेले दिसले, त्यावर पेनाने अक्षरं लिहिलेली. मशीन खराब होतं म्हणून मी ते काढायला लावले. सांगायची लाज वाटते, पण लावले.

परीक्षेच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली. मुलीने हातावर दहीसाखर दिलं म्हणाली. दोन्ही मुलं लवकर येऊन बसली होती; त्यांना कुणी मसुदे दिले नव्हते, ती दोन महिने मजेत सराव करत होती. मी घड्याळ लावलं, कागद उलटे ठेवले. कागद उलटायच्या आधी ती हळूच म्हणाली, "ताई, आज एक दिवसासाठी पण नाही का होणार? तो जुना वाला?"

माझ्या पिशवीत सगळं होतं. दहा मिनिटं उशीर झाला असता. कुणी विचारलंच असतं तर परिपत्रकातला 'शिफारस' हा शब्द दाखवता आला असता. आणि मी त्या दोन मुलांसमोर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे."

दहा मिनिटांत तिचे एकशे दहा शब्द झाले. एकही चूक नव्हती. निकालपत्रावर मी 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली. तिन्ही मजल्यांवरून एकही माणूस साहेबांकडे जाऊन म्हणाला नाही की गेले दोन महिने मंडळ हिच्या बोटांवर चाललं. मीही गेले नाही. मी स्वतःला सांगितलं की मी तर प्रामाणिकपणे परीक्षा घेतली.

करार संपला त्या दिवशी तिने रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "येते, मॅडम," म्हणाली. सोळा वर्षांत ती मला पहिल्यांदाच मॅडम म्हणाली.

पुढल्या वर्षी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी एका कंत्राटदाराला बोलावलं, त्याने महिन्याभरात सगळ्या मशीनवर पुन्हा विकतचं सॉफ्टवेअर चढवलं. त्यात जुन्या टाइपरायटरचा कीबोर्डही आवर्जून घातला. "कर्मचारियों की सुविधा पहले," नवे साहेब समोसा खात म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीच माणसं, त्याच टाळ्या. बडे बाबूंनी जुनी पत्रं उघडली, ती पुन्हा हिंदीत दिसली, आणि मंडळ 'दिनांक रहित पत्रा'कडे सुखाने परतलं. माझी डिस्क मी घरी आणली. ती अजून कपाटात आहे.

मग मीही निवृत्त झाले. परवा पेन्शनच्या कागदांत माझ्या नावाच्या दोन तऱ्हा निघाल्या, लग्नाआधीची आणि नंतरची; दोन्ही एकच बाई असल्याचं शपथपत्र लागणार होतं. म्हणून कोर्टाच्या बाहेर टायपिस्टांची टेबलं लागतात तिथे गेले. पत्र्याखाली चौथ्या टेबलावर ती होती. समोर एक जुना लॅपटॉप, बाजूला स्टँपपेपरचा गठ्ठा, पुढे चार माणसं रांगेत. केस पांढरे झालेले. मी वळून पाचव्या टेबलाकडे जाणार एवढ्यात तिने बघितलं.

"ताई! या ना. बसा, दोन मिनिटं लागतील."

ताई म्हणाली, त्याचं मला इतकं बरं वाटलं की मी निमूट बसले. तिने मुलीची नोकरी सांगितली, नवऱ्याच्या कमरेचं सांगितलं. मंडळाचं नावही काढलं नाही. माझी पाळी आल्यावर कागद समोर ठेवून टाइप करू लागली. कागदाकडे बघत, पडद्याकडे नाही. बोटं आपली चालू, पूर्वीसारखी. पडदा मात्र मला ओळखीचा वाटला. वाकून बघितलं तर तीच मुक्त प्रणाली. मी चढवली होती तीच, पुढची आवृत्ती.

"ही कशी काय?" मी विचारलं.

"मुलीने टाकून दिली. फुकटची आहे ना, आपल्याला तीच परवडते." आणि मग टाइप करता करताच, एखादी उपयोगाची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "आणि माहीत आहे, ताई? तो जुना वाला कीबोर्ड यात पहिल्यापासूनच होता. फक्त चालू करावा लागतो. मुलीने पाच मिनिटांत करून दिला. तेव्हा तुम्हाला पण माहीत नसेल ना?"

तिची बोटं थांबली नव्हती. ती शपथपत्राच्या शेवटच्या ओळीवर आली होती, 'ऊपर लिखी समस्त बातें मेरी जानकारी में सत्य हैं, मैंने कुछ भी नहीं छिपाया है'.

"नाही ग," मी म्हणाले. "मला कुठलं माहीत असायला?"

"तेच म्हटलं मी मुलीला," ती म्हणाली. "ताईंना माहीत असतं तर त्यांनी लावून दिला असता."

प्रिंट निघाली. तिने ती माझ्यापुढे ठेवली, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि मी केली.